खूण विचारायची वेळ

मनानं रत्नागिरीजवळच्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन उभे राहा. घाई करू नका. आधी पायाखालचा जांभा जाणवू द्या. खरखरीत, भोकाभोकांचा, उन्हापावसानं वरून काळा पडलेला. फाल्गुनातली दुपार कलते आहे असं समजा. मृगाच्या पावसानंतर जिथे दीपकाडीची पांढरी फुलं डोलतात, तिथे आता वाळक्या गवताची खुरटी झुबकी तेवढी उरली आहेत. समुद्र दिसत नाही, पण वारा तिकडचाच आहे. हातातला फोन म्हणतो आहे की तुम्ही पोहोचलात. अंतराचा आकडा शून्याजवळ येऊन थबकला आहे आणि समोर नुसता कातळ पसरलेला आहे.

कोणीतरी तुम्हाला सांगितलं होतं की इथे दगडात कोरलेलं एक फार जुनं चित्र आहे. त्यानं दिलेले अक्षांश-रेखांश फोनमध्ये भरून तुम्ही चालत आलात. त्यानंच एक चिठ्ठीही दिली आहे. चित्र नेमकं कुठे आहे, कुठे उभं राहिलं की दिसतं, ते तिच्यात लिहिलं आहे. चिठ्ठी घडी करून खिशात ठेवलेली आहे.

ती आत्ता उघडायची का? हा प्रश्न घेऊन आपण थोडा वेळ बसूया. उत्तर लगेच मनात आलं असेल तर ते बाजूला ठेवा. कोणाचं उत्तर 'नाही, मी स्वतः शोधणार' असं असेल, कोणाचं 'उगाच वेळ कशाला घालवा' असं. दोन्ही उत्तरं कातळाकडे नीट न बघताच आलेली आहेत.

हा प्रश्न एका खेळानं फार नेटका मांडून ठेवला आहे. अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जाई. मे २०००च्या सुरुवातीला ही चूक मिसळणं बंद झालं. लगेच, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं रानात एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली, तिच्यात काही वस्तू आणि एक वही टाकली आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. शोधा, वहीत नोंद करा, एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा, एवढंच. त्यातून जिओकॅशिंग उभं राहिलं. आज जगभर असे लाखो डबे लपवलेले आहेत. डबा हुडकायला किती अवघड आणि तिथवरची वाट किती अवघड, याचे एक ते पाचमधले दोन वेगळे आकडे प्रत्येक डब्याला दिलेले असतात. पुष्कळदा सोबत एक हिंटही असते.

ती हिंट उघडी लिहिलेली नसते. इंग्रजी वर्णमालेतलं प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवून ती लिहितात. अक्षरं सव्वीस, म्हणून पुन्हा तेरा घरं सरकवली की मूळ शब्द परत मिळतो. ते कसं करायचं याची किल्लीही शेजारीच दिलेली असते. म्हणजे लपवणाऱ्याला ती कोणापासून राखून ठेवायची नाही. तुमची नजर चुकून तिच्यावर पडू नये, एवढीच त्याची काळजी. वाचायची तर ठरवून वाचा. मला या योजनेतली माणुसकी फार मोलाची वाटते. लपवणारा जणू म्हणतो, तू अडकशील हे मला माहीत आहे, मदत इथेच ठेवली आहे, केव्हा घ्यायची ते तुझं तू ठरव.

हल्ली फोनवर बोट टेकवलं की सगळी हिंट एकदम उलगडते. कागदावर एकेक अक्षर सोडवावं लागे तेव्हा पहिल्या शब्दावर थांबता येई. 'भिंत' एवढंच कळलं, पुढचं तसंच ठेवलं आणि मान वर करून पुन्हा भिंतीकडे बघितलं. मदत अर्धीही घेता येते, हे त्या संथपणात आपोआप उमगत असे. खिशातल्या चिठ्ठीबाबत हे ध्यानात असू द्या.

आता फोन खिशात टाका. तो त्याचं काम करून चुकला आहे. मोकळ्या आभाळाखालीसुद्धा फोनचा जीपीएस काही मीटरनं चुकतो, आणि ज्यानं ही जागा नोंदवली त्याचाही फोन तसाच चुकलेला असणार. तेव्हा पडद्यावरचा शून्य म्हणजे एक बिंदू नव्हे. तुमच्या भोवतीचं एक बऱ्यापैकी मोठं वर्तुळ म्हणजे तो शून्य. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या सड्यावर तर एका कोरलेल्या मनुष्याकृतीपाशी होकायंत्राची सुईच भलतीकडे वळते. तिथल्या दगडातल्या चुंबकत्वामुळे हे घडतं. उपग्रहांनी सांगितलेली जागा बिघडत नाही, पण फोनमधला दिशा दाखवणारा बाण चुंबकाच्याच आधारानं चालतो, त्यामुळे त्याच्यावर तिथे विसंबता येत नाही. जागा खरी आणि दिशा खोटी, अशा ठिकाणी उभं राहून बघण्यासारखं आहे. शेवटची काही पावलं यंत्राच्या हातात नसतात हे तिथे पायांना कळतं.

त्या वर्तुळात सावकाश एक फेरी मारा. पाऊल टाकण्याआधी बघा. जांभ्यावरच्या रेषा फार खोल नसतात आणि त्यांच्यात माती, शेवाळ, काडीकचरा भरलेला असतो. फेरी पुरी झाली की थांबा. आता दृष्टी जरा आत वळवा आणि स्वतःला विचारा, मी जे शोधतो आहे ते माझ्या मनात कसं दिसतं आहे?

इथे वेळ घ्या. बहुतेकांच्या मनात पाटीवर काढावं तेवढं चित्र असतं, वीतभर किंवा फार तर हातभर. मग डोळे त्याच मापाचं काहीतरी शोधत कातळावरून फिरतात. कशेळी गाव पुष्कळांना कनकादित्याच्या देवळामुळे माहीत असतं. त्याच गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या पोटात दुसऱ्या कितीतरी प्राण्यांच्या आकृत्या आहेत. हातभर चित्र शोधणारा माणूस या हत्तीच्या अंगावर उभा राहून 'इथे काही नाही' म्हणेल, आणि तो खोटं बोलत नसेल. त्याला एखादी रेषा दिसेलही. पण एवढी लांब रेषा म्हणजे दगडाची नैसर्गिक भेग असणार, असं म्हणून तो पुढे जाईल.

तुमच्या मनातलं माप काय आहे ते ओळखा आणि ते सोडून द्या. दहा पावलं मागे सरा. मग खाली बसा, डोळे जमिनीच्या जवळ आणा. उन्हाची बाजू बदलून पाहा. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपं येतं तेव्हा उथळ खाचेतही सावली भरते. भर दुपारी त्याच जागी काहीही दिसत नाही. तुम्ही बाराच्या उन्हात आला असतात तर चिठ्ठी उघडण्याआधी तीन-चार तास थांबणं हीच खरी मदत ठरली असती. सड्यावर सूर्य स्वतः हिंट देत असतो आणि ती तुमच्यासाठी काहीच उघडं करून टाकत नाही. बघायचं काम तुमच्याकडेच राहतं.

हे सगळं करूनही काही दिसलं नाही, असं समजा. आता मनाकडे फार बारकाईनं बघा, कारण निर्णयाची जागा इथे आहे. मघाशी फेरी मारताना तुम्हाला कितीतरी गोष्टी दिसत होत्या. पाणी साठून वाळल्याच्या कडा, मुंग्यांची रांग, एका बाजूला जरा गुळगुळीत झालेला दगड. आता त्या दिसत आहेत का? की नजर त्याच तीन-चार ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन येते आहे? शोध चालू असतो तोवर प्रत्येक फेरीत काही ना काही नवीन नजरेत भरतं, चित्र नसलं तरी. ज्या फेरीत नवीन काहीच दिसत नाही, त्या फेरीत आपण कातळ बघायचं सोडून आपलीच अटकळ बघू लागलेलो असतो. तेव्हा चिठ्ठी उघडावी. त्याआधी उघडली तर कातळ बघायचा राहिला, आणि त्यानंतर कितीही वेळ न उघडता थांबलात तरी बघणं काही वाढत नाही. वाढतो तो हट्ट.

किती मिनिटं झाली यावर हे ठरत नाही. एखाद्याचं बघणं लवकर आटतं, एखाद्याचं तासभर ताजं राहतं. त्याच माणसाचं सकाळी टिकतं, उन्हानं डोकं तापल्यावर टिकत नाही. म्हणून हे बाहेरून कोणी सांगू शकत नाही. तुम्हालाच आत बघून ओळखावं लागतं, आणि ते ओळखण्याचा सराव होतो.

मदत घ्यायला मन का कचरतं, तेही जरा पाहू. लहानपणी कोडं घालणारा म्हणायचा, 'हरलो म्हण, मग सांगतो.' तेव्हापासून उत्तर विचारणं आणि हार कबूल करणं या दोन गोष्टी आपल्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. त्यांना हळूच वेगळं करा. सड्यावर तुमच्याविरुद्ध कोणी खेळत नाही. ज्यानं हे कोरलं त्यानं ते तुमच्यापासून लपवलेलंही नाही. उघड्या आभाळाखाली, सगळ्यांच्या पायाखाली ते ठेवलं आहे. मध्ये हजारो वर्षं गेली, म्हणून दिसत नाही इतकंच.

रत्नागिरीत ही चित्रं जगापुढे आली ती विचारून विचारूनच. या कातळशिल्पांचे शोधक सुधीर रिसबूड आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं सडे तुडवत राहिले. हा शोध ते नुसत्या स्वतःच्या नजरेवर सोडून बसले नाहीत. ते गावागावांत लोकांना विचारत गेले. शाळांना त्यांनी कामात ओढलं. घरी जाऊन आजी-आजोबांना, गावातल्या जाणत्यांना विचारा, असं मुलांना सांगितलं. बरीच चित्रं माती-चिखलाखाली दबलेली होती. काही गावांत मात्र ती उघडी होती, लोकांना ठाऊक होती आणि त्यांना मानही होता. देवीहसोळचं शिल्प आर्यादुर्गेच्या देवळाजवळच आहे. जिल्ह्यात आता हजाराहून अधिक आकृत्यांची नोंद झाली आहे. २०२२मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या. त्यांतल्या उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे अशा सात जागा एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या आहेत. गोव्यात कुशावती नदीकाठची चित्रं १९९३मध्ये अभ्यासकांपुढे आली, तीही गावकऱ्यांनी दाखवली म्हणून. जुन्या काळच्या गुराख्यांनी ती काढली, असं तिथले लोक समजत होते.

यावर थोडं थांबा. चित्रं अभ्यासकांना 'सापडली' असं आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा गुरं राखणाऱ्या कोणाला तरी ती आधीच दिसलेली होती. त्याच्याकडे माहिती होती आणि ती विचारणारं कोणी येत नव्हतं. सिंधुदुर्गातल्या कुडोपीच्या सड्याला लोक बाहुल्यांचा सडा म्हणत आले. नावातच सगळं सांगून ठेवलेलं होतं. नकाशावरची, सातबारावरची, लोकांच्या तोंडातली जागांची नावं अशीच उघडी हिंट असतात, आणि ती न सोडवताच आपण त्यांच्यावरून गाडीनं पुढे जातो.

आता कल्पना करा, सड्याच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ चार गुरं घेऊन उभे आहेत. ते तुमच्याकडे बघत आहेत. तुम्ही वर्तुळात फिरता आहात हे त्यांनी केव्हाच पाहिलं आहे. खिशातल्या चिठ्ठीपेक्षा ही हिंट वेगळी आहे. चिठ्ठी मुकी असते, आजोबांना मात्र तुमच्याबद्दलही काही विचारायचं असतं. कुठले, कोणाकडे आलात, कशाला. त्यांच्याकडे जाऊन आधी त्यांच्या प्रश्नांची उत्तरं द्या. मग विचारा, 'आजोबा, इथे दगडात काही काढलेलं आहे का हो?' बहुतेक वेळा काठी वर होईल आणि हवेत एक दिशा दाखवली जाईल. कदाचित पांडवांचं नाव येईल. त्यांनी सोबत यायची तयारी दाखवली तर त्यांच्या मागून चाला, पुढे जाऊ नका. ते कुठे वळसा घालतात ते बघा. वळशातही माहिती असते.

माझ्या मते माणसाला विचारायला चिठ्ठीइतका उशीर लावू नये. वाटेबद्दल तर आधीच विचारावं. वर चढायची पायवाट, खाजगी कलमांची बाग कुठे सुरू होते, चिरेखाणीचा खड्डा कुठे आहे, अंधार पडायच्या आत उतरायचं कुठून, यांत स्वतः शोधण्याचा काही आनंद दडलेला नाही. जिओकॅशिंगवाल्यांनी वाटेचा आणि हुडकण्याचा आकडा वेगवेगळा ठेवला, ते शहाणपणाचं आहे. वाटेची हिंट पहिल्याच मिनिटाला घ्यावी, हुडकण्याची मागे ठेवावी. आणि तुमच्या शोधण्यानंच जागेला इजा होते आहे असं दिसलं, तर मग थांबायचंच नाही. जिओकॅशिंगमध्येही एका डब्यासाठी लोक दगड उलथतात, झाडाची साल उचकटतात, गवत तुडवून सपाट करतात. इथे हात माती खरवडायला निघतो, बुटाची टाच कडेवर घासते. हात तिकडे वळतो आहे असं जाणवलं की तत्क्षणी चिठ्ठी उघडा. तुमच्या शोधाच्या आनंदापेक्षा ती रेष मोठी आहे.

सोबत एखादं मूल असेल आणि चित्र तुम्हाला आधी दिसलं असेल, तर पारडं फिरतं. आता हिंट तुम्ही आहात. तोंडापर्यंत आलेला शब्द तिथेच धरून ठेवा आणि तो धरताना काय होतं ते बघा. मुलाला मदत करायची इच्छा असते, पण तिच्यात 'मला दिसलं' हे सांगायचीही घाई मिसळलेली असते. ती घाई ओसरू द्या. मूल रमलेलं असेल तोवर काही बोलू नका. त्याची नजर कातळावरून उठून तुमच्या चेहऱ्यावर आली, तिथे उत्तर शोधू लागली, की थोडं सांगा. पण जागा सांगू नका, जागा बदलायला सांगा. 'इकडे येऊन बघ' एवढं पुरे. 'तो बघ हत्ती' म्हणालात तर त्याला हत्ती दिसेल खरा, पण तो तुमचा हत्ती असेल. रेषेरेषेतून सोंड आणि पाठ जुळत जाण्याचा तो क्षण त्याला पुन्हा मिळणार नाही. एकदा दिसलेलं चित्र न दिसल्यासारखं करता येत नाही, मोठ्यांनाही नाही. हिंटची किंमत काही असेल तर ती ही.

चला, आता चिठ्ठी उघडा. पण पहिलीच ओळ वाचा आणि घडी पुन्हा बंद करा. 'चिरेखाणीच्या वरच्या अंगाला, काजूच्या झाडापासून पंधरा पावलं', समजा असं लिहिलं आहे. मान वर करा. काजू कुठे आहे? कदाचित तोडला गेला असेल. चिरेखाण मात्र आहे, आणि चिठ्ठी लिहिली त्यानंतर ती बरीच पुढे सरकली आहे. तिची काटकोनात कापलेली ताजी लाल भिंत बघा. तिच्या कडेपासून चित्रापर्यंत किती पावलं उरली आहेत, मोजा.

इथे आपला प्रश्न वेगळा होतो. आतापर्यंत आपण धरून चाललो होतो की हिंट खिशात सुरक्षित आहे आणि ती कधी घ्यायची हे आपल्या मर्जीवर आहे. प्लास्टिकच्या डब्याबाबत ते खरं असेल. डबा हरवला तर दुसरा ठेवता येतो. सड्यावर मात्र खुणेचं झाड जातं, दगड चिरे होऊन घरांच्या भिंतींत जातो, रस्ता रुंद होतो. उक्षीच्या सड्यावर कोरलेल्या हत्तीला आज कठडा आहे, पण कठडा घालायला आधी तिथे हत्ती आहे हे कोणाला तरी माहीत असावं लागतं. गुरं घेऊन सड्यावर जाणारी माणसं कमी होत आहेत. त्यांची मुलं मुंबईला आहेत. कोणत्या पाणथळीशेजारी लहानपणी दगडातल्या माशावर बसून भाकरी खाल्ली, हे सांगणारी आजी यंदा आहे.

म्हणून कातळाकडे बघताना जेवढं थांबायचं तेवढं थांबा, पण माणसांच्या बाबतीत थांबू नका. तुमच्या घरात, शेजारात, आजोळी सड्याकाठच्या गावातलं कोणी वयस्क माणूस आहे का, ते आठवा. चेहरा डोळ्यांपुढे आणा. पुढच्या भेटीत काय विचारायचं ते इथेच ठरवून घ्या. 'चित्र आहे का?' असं विचारलंत तर 'नाही बा' म्हणून मोकळे होतील. चित्र हा त्यांचा शब्द नसेल. गुरं कुठल्या वाटेनं न्यायचात, पाणी कुठे पाजायचात, पोरंपोरी कुठे खेळायचात, कुठल्या दगडावर पाय ठेवू देत नसत, असं विचारा. जागांची नावं येतील ती त्यांच्याच उच्चारात लिहून घ्या, नीट करायला जाऊ नका. खाली तारीख घाला, आणि सांगणाऱ्याला विचारून, त्यांना चालत असेल तर, त्यांचं नावही.